बाळाचा पाय जन्मतः वाकडा असेल तर: प्लास्टर, बूट आणि कागदावरचा कोड

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं की बाळाचा पाय आत वळलाय, मालीशने सरळ होईल का, आणि खाली लागोपाठ "होतो गं आपोआप", "आमच्या चुलत नणंदेच्या बाळाचा झाला" असं लिहिलेलं बघितलं आणि राहवलं नाही.

माझा मुलगा आता २ वर्षं ४ महिन्यांचा आहे. बाळंतपण माहेरी, कराडला. सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं (म्हणजे सांगितलं तरी नव्हतं). बाळाला दुपट्यातून काढून नर्सने दाखवलं तेव्हा डावं पाऊल आत वळलेलं, तळवा समोर नाही तर दुसऱ्या पायाकडे बघतोय, टाच वर ओढलेली आणि तळव्याच्या मधोमध एक खोल घडी. दुसरा पाय एकदम नीट. मी पुण्यात मेडिकल कोडिंग करते, ७ वर्षं झाली, अमेरिकेतल्या हॉस्पिटलचे चार्ट वाचून निदानाला आणि प्रोसीजरला कोड लावायचे हे रोजचं काम. क्यू६६.०२ हा कोड मी कितीदा टाकलाय, डावा पाय, जन्मजात टॅलिपिस इक्वायनोव्हॅरस, ज्याला सगळे क्लबफूट म्हणतात. पण तोपर्यंत असा पाय कधी हातात घेतलेला नव्हता.

घरात जे व्हायचं तेच झालं. सासूबाईंनी फोनवर पहिलं विचारलं, ग्रहणात बाहेर गेली होतीस का, काही चिरलं का. मालीशवाल्या मावशी म्हणाल्या रोज तेल लावून वळवते, सव्वा महिन्यात पाय सरळ करून देते. आई म्हणाली ओली बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही, मग जा कुठे जायचं ते. नवऱ्याने मात्र हट्ट धरला, बाराव्या दिवशी बारसं झालं आणि तेराव्या दिवशी आम्ही मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे. त्या एका गोष्टीसाठी मी त्याची आजन्म ऋणी आहे.

ट्रीटमेंट पॉन्सेटी पद्धतीची. दर आठवड्याला डॉक्टर हाताने पाय थोडा थोडा वळवणार आणि तिथे मांडीपर्यंत प्लास्टर घालणार, पुढच्या आठवड्यात ते काढून परत थोडं पुढे. आमची ५ प्लास्टर झाली. नंतर टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, बारीक छेदाने कापली (हे ऐकून मी तिथेच रडले होते), ते काम काही मिनिटांचं, मग शेवटचं प्लास्टर ३ आठवडे, तेवढ्यात शीर वाढीव लांबीत परत जुळून येते. साधारण दोन महिन्यांत पाय असा सरळ झाला की नातेवाईक ओळखू शकेनात कुठला होता.

आणि इथेच बहुतेक घरं फसतात, आम्ही पण फसलो. प्लास्टर म्हणजे ट्रीटमेंट आणि बूट म्हणजे नंतरचं काहीतरी, असं डोक्यात बसतं. उलट आहे. प्लास्टर दोन महिने, बूट चार वर्षं. दोन बूट, मध्ये पट्टी, पहिले ३ महिने दिवसाला २३ तास, नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, वय ४-५ होईपर्यंत. मुलगा १४ महिन्यांचा असताना दिराचं लग्न गावी होतं, पाहुण्यांनी घर भरलेलं, पोर रात्री बुटात रडायला लागलं की सगळे उठायचे, "काढ गं बाई, बेड्या घातल्यासारखं काय ते" असं सगळ्यांचं सुरू झालं आणि मी काढले. दोनचार दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे गेले. घरी येऊन परत घालायला गेले तर टाच बुटाच्या तळाला टेकेचना. डॉक्टरांना दाखवलं, परत दोन प्लास्टर. ती दोन माझ्यामुळे.

आता कोडचं. जन्माच्या कागदावर हॉस्पिटलने लिहिलं होतं "कंजेनायटल डिफॉर्मिटी फूट", बास. कुठला पाय, कसली डिफॉर्मिटी, काही नाही. नंतर शीर कापली त्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कागदावर वरती डावा आणि खाली प्रोसीजरच्या ओळीत उजवा. मी रोज हेच बघते म्हणून नजरेला पडलं, मी तिथेच बसून दुरुस्त करून सही-शिक्का घेतला. एरवी कुणी बघितलं असतं? पुढे चार वर्षं तोच कागद प्रत्येक ठिकाणी दाखवायचा आहे. म्हणून हा धागा, कुणाचे अनुभव असतील तर लिहा.

कोकणकडा७७

ताई, अगदी वेळेवर लिहिलंत. माझ्या बहिणीला मुलगी झाली, आज १२ दिवसांची आहे, कुडाळजवळ गाव. तिचे दोन्ही पाय तुम्ही लिहिलंय तसेच आत वळलेले. हॉस्पिटलमधून सोडताना म्हणाले महिन्याने दाखवा. घरी येणारी बाई मालीश करते, ती म्हणते फरक पडतोय. मला मामा म्हणून काय बोलावं कळत नाही, बहिणीची सासू फार कडक आहे. महिनाभर थांबलं तर चालेल का?

वैदर्भी_ऑर्थो

रानजाई, फार नीट लिहिलं आहे. मी लहान मुलांच्या अस्थिविकारांचंच काम करतो त्यामुळे थोडं सविस्तर.

कोकणकडा, थांबू नका. महिन्याने गेलात म्हणून पाय वाया जात नाही, मोठ्या मुलांमध्येही पॉन्सेटीने पाय सुधारतात, पण पहिल्या काही आठवड्यांत सांध्याभोवतीचे बंध मऊ असतात, कमी प्लास्टरमध्ये काम होतं, मग थांबायचं कशाला.

आधी निदान, कारण प्रत्येक वाकडा पाय क्लबफूट नसतो. एक साधी गोष्ट घरी करून बघता येते, जोर न लावता पाऊल हळूच सरळ करून बघा. गर्भात अडचणीत बसल्यामुळे नुसतं वळलेलं पाऊल सहज मधोमध येतं आणि टाचही खाली येते, ते बहुतेक वेळा आपोआप सुधारतं. तुमच्या नातेवाइकांची जी "आपोआप झाली" ती बाळं ही. खरा क्लबफूट कडक असतो, टाच खाली येतच नाही. तिसरा प्रकार असा की टाच अगदी नॉर्मल, फक्त पुढचा पंजा आत वळलेला, केळ्यासारखा, त्याला मेटाटार्सस अॅडक्टस म्हणतात, तो वेगळा. काही बाळांचं पाऊल उलट वर, नडगीला टेकलेलं असतं, तेही बहुधा सुटतं. आणि तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर फुगलेला असेल तर मात्र ताबडतोब दाखवा, तो व्हर्टिकल टॅलस (टॅलस म्हणजे घोट्यातलं हाड, ते उभं झालेलं) असू शकतो, त्यात प्लास्टर असतं पण उलट्या दिशेने.

आम्ही पाय मोजतो पिराणी स्कोअरने. सहा खुणा, प्रत्येकीला ०, अर्धा किंवा १, म्हणजे जास्तीत जास्त ६. पावलाची बाहेरची कड किती वाकली, तळव्यातली घडी, टॅलस हाडाचं डोकं झाकलंय का, टाचेमागची घडी, टाच किती रिकामी आणि पाऊल किती वर येतं. टाच रिकामी म्हणजे काय तर बोटाने दाबल्यावर गालासारखी मऊ लागते, आतलं हाड वर गेलेलं असतं. सरळ होत गेली की हनुवटीसारखं टणक हाड बोटाला लागतं. दर आठवड्याला हा आकडा लिहून मागा, तुम्हालाच प्रगती दिसेल. एक्स-रेची या वयात साधारण गरज नसते.

आता मालीशबद्दल, कारण मावशी वाईट नसतात, त्यांना वाटतं पाय आत गेलाय तर बाहेर ढकलायचा. पण क्लबफूटमध्ये पंजा नुसता आत नाही, तो टाचेच्या मानाने पिळलेला आहे. बाहेरून पंजा खाली दाबून वळवला की तळव्याचा खोलगट बाक वाढतो. आपण डॉक्टर लोकही पूर्वी तेच करायचो, पायाच्या बाहेरच्या कडेला चुकीच्या जागी अंगठा टेकवायचो आणि मग ऑपरेशनं करत बसायचो. इग्नासिओ पॉन्सेटी हे मूळ स्पेनमधल्या मेनोर्काचे, यादवी युद्धानंतर देश सोडून १९४१ ला अमेरिकेत आयोवाला आले. त्यांनी बघितलं की मोठी ऑपरेशनं झालेली मुलं मोठेपणी कडक, दुखऱ्या पायांनी चालतात. त्यांनी क्रम लावला. पहिल्या प्लास्टरमध्ये पंजा उलट वर उचलायचा, बघणाऱ्याला वाटतं अजूनच आत वळवलाय, पण त्याने तळव्याचा बाक जातो. मग अंगठा टॅलसच्या डोक्यावर टेकवून सगळं पाऊल एकसंध बाहेर फिरवायचं, ६० ते ७० अंशांपर्यंत, टाचेला हात लावायचा नाही, ती आपोआप मागून येते. सगळ्यात शेवटी टाच खाली, ज्यासाठी बहुतेक बाळांना शीर कापावी लागते. १९६३ मध्ये त्यांचे निकाल छापून आले, तरी जगाने ऐकायला ३०-३५ वर्षं लावली, आणि शेवटी ही पद्धत पसरली त्यात इंटरनेटवर एकमेकांना सांगणाऱ्या आईबापांचा मोठा हात होता. ३ जून हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक क्लबफूट दिवस म्हणून पाळतात.

अजून एक. पाय बघायला आलेल्या प्रत्येक बाळाचे खुबे आणि पाठ बघितलीच पाहिजे. पाठीवर केसांचा झुपका, खळगा, गाठ असेल तर मणक्याचा दोष असू शकतो आणि मग पायाचं सगळं गणित बदलतं.

शिकाऊ_कोडर

रानजाई ताई, मी संभाजीनगरला आहे, कोडिंगचा क्लास संपला, नोकरी बघतोय. एक प्रश्न. डॉक्टरने नुसतं क्लबफूट लिहिलं तर क्यू६६.० मध्येच जाईल ना? सरावाच्या पेपरमध्ये माझं उत्तर चुकीचं दिलं, कळेना का.

रानजाई

फार छान प्रश्न विचारलास आणि इथे अनुभवी लोकही चुकतात. अमेरिकन आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या कोडच्या यादीत, इंडेक्स उघडून नीट बघ, नुसतं "क्लबफूट, जन्मजात" असं असेल तर ते क्यू६६.८९ मध्ये जातं, म्हणजे पायाचे इतर दोष. क्यू६६.० मध्ये जायला टॅलिपिस इक्वायनोव्हॅरस असा शब्द चार्टमध्ये हवा, किंवा त्याचंच छोटं रूप सीटीईव्ही. डॉक्टरच्या डोक्यात दोन्ही एकच असतं, पण आपल्याला त्यांच्या डोक्यातलं कोड करता येत नाही, लिहिलेलंच करता येतं. शंका असेल तर क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरलाच लेखी विचारायचं, अंदाज नाही.

दुसरं, १ ऑक्टोबर २०१९ पासून अमेरिकेत बाजू लागते. क्यू६६.०१ उजवा, क्यू६६.०२ डावा, क्यू६६.०० म्हणजे बाजू लिहिलेली नाही. दोन्ही पाय असतील तर वेगळा कोड नाही, ०१ आणि ०२ दोन्ही टाकायचे. आपल्याकडे भारतात डब्ल्यूएचओची आयसीडी-१० वापरतात तिथे नुसतं क्यू६६.० असतं, बाजू कोडमध्ये येतच नाही, म्हणून तर कागदावर अक्षरात लिहिलेली बाजू जास्तच महत्त्वाची.

जन्माच्याच अॅडमिशनचा चार्ट असेल तर पहिला कोड झेड३८ चा, म्हणजे जिवंत जन्म, आणि क्यू कोड त्याच्या मागे. प्लास्टरला सीपीटी, म्हणजे प्रोसीजरचा कोड, २९४५०. शीर कापली तर लोकल भूल असेल तर २७६०५ आणि पूर्ण भूल असेल तर २७६०६, म्हणजे चार्टमध्ये भूल कुठली हे शोधायचंच. बूट आणि पट्टी एकत्र दिली तर एल३१४०. आणि एम२१.५ मध्ये जाऊ नकोस, तिथे नंतर झालेला क्लबफूट येतो, उदाहरणार्थ लकवा किंवा नसेचा आजार होऊन वळलेला पाय. क्यू कोडला वयाची अट नाही, दोष असेपर्यंत ४० व्या वर्षीही क्यू६६ लागतो. पूर्ण बरा झाला आणि आता फक्त इतिहास उरला तर झेड८७.७ च्या गटात जायचं. माझ्या मुलाचा अजून क्यूच आहे, बूट चालू आहेत ना.

भाकरतुकडा

मी लिहू का नको विचार करत होतो कारण आमचं क्लबफूट नाही. पण धागा जन्मजात पायाचा आहे म्हणून लिहितो. जळगाव जिल्हा. मुलगी आता ६ वर्षांची. जन्मली तेव्हा उजवा पाय किंचित आखूड, पाऊल बाहेरच्या बाजूला झुकलेलं आणि बोटं चारच, करंगळीच्या बाजूचं नव्हतं. नडगीवर पुढे बाक आणि त्या बाकावर एक खळी, गालावर पडते तशी. आजी म्हणायची लक्ष्मीच्या पायाला खळी आहे. आम्हाला पण तेच गोड वाटत राहिलं. पहिल्या डॉक्टरांनी क्लबफूट म्हणून तीन प्लास्टर घातली, फरक शून्य. पुढे एका मोठ्या गावी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, जवळजवळ नाहीच.

आम्हाला सगळ्यात जास्त कोणती गोष्ट समजायला वेळ लागला ते सांगतो. आम्ही म्हणत होतो फरक तर अडीच सेंटिमीटरच आहे, मोठी झाली की भरून निघेल. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढल्या. म्हणाले जन्मजात फरकात प्रमाण तेच राहतं, आखूड पाय दुसऱ्याच्या ९० टक्के असेल तर मोठेपणीही साधारण ९० टक्केच राहणार, म्हणजे पाय वाढेल तसा सेंटिमीटरमधला फरक वाढत जाणार. वर्षाच्या मुलीत जेवढा फरक दिसतो तो वाढ पूर्ण होईपर्यंत साधारण तिप्पट होतो. आमच्या हिशोबाने साडेसात सेंटिमीटर. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

आता मार्ग दोन असतात. पाऊल बरं असेल तर रिंग लावून हाड लांबवायचं, ते रशियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्हचं तंत्र. हाड कापून रिंगा लावतात आणि दिवसाला १ मिलिमीटर, तेही चार वेळा पाव पाव मिलिमीटर, आपण घरी पान्याने फिरवायचं. लांबी मिळाल्यावर ते नवीन हाड पक्कं व्हायला त्याहून जास्त दिवस. आणि एकदाच नाही, फरक मोठा असेल तर वाढत्या वयात दोन-तीन वेळा. पाऊल फारच खराब असेल तर दुसरा मार्ग म्हणजे पाऊल काढून कृत्रिम पाय. हा शब्द ऐकला की आपल्याकडे आईबाप खुर्चीतून उठून जातात, मी पण उठलो होतो. पण नंतर तिथेच एक ९ वर्षांचा मुलगा भेटला, कृत्रिम पायावर पळत होता, त्याच्या आईने मला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. आमच्या मुलीचं पाऊल बरं निघालं म्हणून आम्ही पहिली रिंग केली, ५ सेंटिमीटर मिळाले. पिन लागलेल्या जागा रोज साफ करायच्या, गुडघा आखडू नये म्हणून रोज व्यायाम. ती रडायची आणि बाप म्हणून पाना फिरवायला माझाच हात लागायचा.

कोडचं मला रानजाई ताईंना विचारायचंय. सुरुवातीच्या कागदांवर "शॉर्ट लेग" आणि एम२१.७ लिहिलंय. नंतरच्या डॉक्टरांनी क्यू७२.६ लिहिलं. दिव्यांग सर्टिफिकेटला गेलो तर तिथे विचारलं दोन वेगवेगळे आजार आहेत का. आणि एका एजंटने सांगितलं की विम्यासाठी ते एमवालंच ठेवा, क्यू दिसला की क्लेम देत नाहीत.

रानजाई

दादा, वाचून डोळे भरून आले. पान्याबद्दल लिहिलंत ते मी आज नवऱ्याला वाचून दाखवलं.

कोडबद्दल स्पष्ट सांगते. एम२१.७ म्हणजे नंतर आलेला पायाच्या लांबीतला फरक, फ्रॅक्चरमुळे वगैरे. तुमच्या मुलीला फिब्युला जन्मतःच कमी आहे, ते क्यू७२.६ च. क्यू७२ हा सगळा गटच खालच्या अवयवाचं हाड जन्मतः नसणं किंवा अर्धवट असणं याचा आहे, मांडीच्या हाडाला क्यू७२.४, नडगीच्या हाडाला म्हणजे टिबियाला क्यू७२.५, फिब्युलाला क्यू७२.६. त्या एजंटचं ऐकू नका. जन्मजात आजार नंतरचा म्हणून दाखवणं ही खोटी माहिती आहे, आज एक क्लेम निघेल आणि उद्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी जुने कागद मागवले की पॉलिसीच अडकेल. आणि मुलीचं मोठं नुकसान म्हणजे पुढचा सर्जन फाइल उघडेल तेव्हा त्याला चुकीचा आजार दिसेल. आधीच्या डॉक्टरांकडून किंवा आताच्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या की अंतिम निदान जन्मजात फिब्युलर हेमिमेलिया, उजवा पाय, पूर्वीची नोंद त्याच आजाराची होती. दिव्यांग सर्टिफिकेटच्या बोर्डासमोर तेवढं पुरतं.

विम्याचं थोडं सगळ्यांसाठी. आपल्याकडे पॉलिसीत जन्मजात दोषाचे दोन प्रकार लिहिलेले असतात, आतला आणि बाहेरचा. शरीराच्या दिसणाऱ्या भागात असेल तो बाहेरचा. पाय दिसतो, म्हणून क्लबफूट बाहेरच्यात धरतात आणि बऱ्याच वैयक्तिक पॉलिसी बाहेरचा दोष वगळतात. नवऱ्याच्या पॉलिसीने आमचा क्लेम याच ओळीवर नाकारला. माझ्या नोकरीच्या ग्रुप पॉलिसीत मात्र ही अट काढलेली होती, तिथून शीर कापण्याचा खर्च मिळाला. म्हणून कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही, पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागवा आणि त्यात जन्मजात हा शब्द शोधा. बाळाचं नाव पॉलिसीत कधी चढतं तेही बघा.

आशाताई_तालुका

मी आशा म्हणून काम करते. वरती विम्याचं एवढं वाचलं तर सांगावं वाटलं की ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी घाबरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आरबीएसके, २०१३ ला आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, आणि जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूट आणि खुबा निखळलेला असणं दोन्ही आहेत. पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, पण वाकड्या पायाच्या बाळाने गाडीची वाट बघायची नाही. आम्ही बाळंतिणीच्या घरी भेटी देतो, तेव्हा बाळाचे पाय उघडे करून दाखवा. बरेच लोक झाकून ठेवतात, नजर लागेल म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून. मागे एका घरात चार भेटी झाल्या आणि चारही वेळा बाळ दुपट्यात. पाचव्या वेळी मीच म्हटलं न्हाऊ घालताना येते. तेव्हा दिसलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी म्हणून केंद्र असतं तिथे पाठवतात. बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांत ठरलेल्या वारी क्लबफूट क्लिनिक असतं, क्युअर इंडिया संस्था त्यात मदत करते, बूटसुद्धा तिथून मिळतात. कोकणकडा दादा, तुमच्या बहिणीच्या गावच्या आशाला आजच फोन करा.

लीड्सची_सूनबाई

एक वेगळा मुद्दा, खुब्यांचा, डॉक्टरांनी वर ओझरता लिहिलाय. माझी मुलगी पायाळू. इथे इंग्लंडमध्ये जन्मल्यावर ७२ तासांच्या आत बाळाचे खुबे तपासतात आणि ६ ते ८ आठवड्यांनी परत, आणि पायाळू बाळ असेल तर खुब्यांची सोनोग्राफीही करतात. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली अगं पायाळू म्हणजे भाग्याचं, कंबरेत उसण भरली की अशा माणसाचा पाय लावतात, तिचे खुबे कसले तपासता. सोनोग्राफीत डावा खुबा उथळ निघाला, वाटीत नीट बसलेला नाही. वरून काहीही दिसत नव्हतं, दुखत नव्हतं. पाव्हलिक हार्नेस म्हणजे पट्ट्यांचा एक पोशाख असतो, पाय बेडकासारखे फाकवून धरतो, तो १२ आठवडे लावला आणि खुबा बसला. आज ती धावते.

आणि बाळाला पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका हो. कंबरेखाली दुपटं सैल ठेवा. आपल्याकडे बाळाला कडेवर घेतात ना, दोन्ही पाय फाकवून, ते खुब्यांसाठी उत्तम आहे असं इथल्या फिजिओने मला सांगितलं.

वैदर्भी_ऑर्थो

बरोबर. पायाळू बाळ किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल तर सोनोग्राफी करून घ्याच, मुलगी आणि पहिलं बाळ यांतही धोका जास्त असतो. ४-६ महिन्यांपर्यंत सोनोग्राफीच उपयोगाची, त्यानंतर एक्स-रे. चालायला लागल्यावर लंगडते म्हणून आणलेल्या मुली मी बघतो तेव्हा हार्नेसची वेळ गेलेली असते, मग ऑपरेशन. कोडवाल्यांसाठी, हे क्यू६५ मध्ये.

रानजाई

कोकणकडा, काय झालं पुढे? मेसेज आला नाही.

कोकणकडा७७

माफ करा, धावपळीत होतो. आशाताईंनी सांगितल्यावर गावच्या आशाला फोन केला, त्या बाईने दुसऱ्याच दिवशी घरी येऊन सासूबाईंना समजावलं, माझं ऐकलं नसतं. वैदर्भी डॉक्टरांची पोस्ट मी मोठ्याने वाचून दाखवली, टाच गालासारखी लागते ते. सासूबाईंनी स्वतः नातीची टाच दाबून बघितली, मग स्वतःची हनुवटी, आणि म्हणाल्या, "खरां हां, आत काय लागना नाय." आमच्याकडून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून तिथे नेलं. दोन्ही पाय, पिराणी उजवा साडेपाच, डावा ५. पाठ आणि खुबे पण तपासले, ठीक आहेत. १६ व्या दिवशी पहिलं प्लास्टर. कागद मी ताईंच्या सांगण्याप्रमाणे तिथेच वाचला, दोन्ही पाय असं स्पष्ट लिहून घेतलं.

पण एक विचारायचंय, रात्री बोटं थोडी थंड लागतात, काय बघायचं?

रानजाई

बोट हलकं दाबून सोडा, पांढरं होऊन लगेच गुलाबी व्हायला हवं. निळसर, पांढुरकी, खूप सुजलेली वाटली, किंवा बाळ काही केल्या शांतच होत नसेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. बोटांची टोकं प्लास्टरमधून कायम दिसली पाहिजेत, दिसेनाशी झाली म्हणजे प्लास्टर घसरलंय, तेही लगेच दाखवायचं, आठवडा संपायची वाट नाही बघायची. अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसा, आणि लंगोट प्लास्टरच्या वरच्या काठाला खोचू नका, ओलं झालं की मऊ पडतं. प्लास्टर घालताना बहिणीला सांगा बाळाला भुकेलं न्या आणि त्याच वेळी पाजा, पोर दूध पिताना पाय सैल सोडतं, डॉक्टरांचं काम नीट होतं.

कोकणकडा७७

आज चौथं प्लास्टर काढलं. उजवा पाय हट्टी आहे, डावा आधी बाहेर वळायला लागला. तळव्यातली घडी दोन्हीकडे जवळजवळ गेली. पिराणी आता उजवा ३, डावा अडीच. पुढच्या आठवड्यात अजून एक आणि मग शीर कापायची म्हणतात. बहीण घाबरली आहे पण सासूबाई म्हणाल्या मी येते बरोबर. बुटांची चौकशी पण आत्ताच करून ठेवली, मापाचा कागद आणि दोन्ही पायांचे फोटो तारीख घालून फाइलमध्ये लावलेत. मे महिन्यात घरात लग्न आहे, पण बूट काढायचे नाहीत हे सगळ्यांना आत्तापासून सांगून ठेवलंय.